ग्रासमिअरला जायचंय? कार न घेता, दोन रात्री राहून, आईबाबांना सोबत घेऊन कसं जायचं ते सविस्तर

मी मँचेस्टरला राहते, त्यामुळे दर उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी आलं की "लेक डिस्ट्रिक्ट दाखव" ही फर्माईश ठरलेली, म्हणजे उत्तर-पश्चिम इंग्लंडमधला तळ्या-डोंगरांचा भाग. पहिल्यांदा आईबाबा आले तेव्हा मी पण सगळे करतात तेच केलं, मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, सकाळी लवकर कार काढली, विंडरमिअर तळ्याकाठच्या बोनेस गावाला पोचेपर्यंत ट्रॅफिक, मग पार्किंग शोधण्यात सव्वा तास, मग बोटीची रांग, आणि संध्याकाळी परत मोटरवे. घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढं सुंदर सगळं, पण काचेतूनच बघितलं की गं." ते फार लागलं मला. पुढच्या खेपेला कार घरी ठेवली, दहा ठिकाणं करायचा हट्ट सोडला आणि ग्रासमिअर या एकाच गावात दोन रात्री राहिलो. तेव्हापासून चार वेळा तसंच केलंय आणि ज्यांना ज्यांना सांगितलं ते खूश होऊन आलेत, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी हे गाव काय आहे ते. ग्रासमिअर हे तळ्याचंही नाव आणि गावाचंही. 'मिअर' म्हणजेच तळं, त्यामुळे ग्रासमिअर लेक म्हणणं म्हणजे तळं दोनदा म्हणणं. चारी बाजूंनी डोंगर, मधे छोटंसं तळं, त्यात एक बेट, आणि तळ्यापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर राखाडी-हिरव्या पाटीच्या दगडाची (स्लेटची) घरं. विंडरमिअर तळ्याएवढं मोठं पाणी नाही, मोठ्या बोटी नाहीत, म्हणूनच मला ते आवडतं. इंग्रजी कवी विल्यम वर्डस्वर्थ १७९९ च्या डिसेंबरात बहीण डोरोथीला घेऊन इथे राहायला आला आणि या आसपासच्या दोन-तीन मैलांतच त्याचं बाकीचं आयुष्य गेलं. १९५१ पासून हा भाग नॅशनल पार्क आहे, २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

कधी जायचं

माझं पहिलं उत्तर मे महिन्याचे पहिले तीन आठवडे, बँक हॉलिडेचा वीकेंड सोडून. कोकरं बागडत असतात, ब्लूबेल्सची निळी फुलं फुललेली असतात, दिवस मोठा. दुसरं उत्तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, डोंगरावरचे नेचे तांबूस होतात आणि सगळी दरी पेटल्यासारखी दिसते. डॅफोडिल्सच्या पिवळ्या फुलांसाठी जायचं असेल तर मार्च अखेर ते एप्रिलचा मध्य. जुलै अखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा गर्दी पण आणि खोल्यांचे भावही चढलेले. तुमच्या हातात तेवढेच आठवडे असतील तर निदान सोमवार ते गुरुवार धरा.

जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या आसपास मावळतो, डिसेंबरात चारच्या आतच. हिवाळ्यात पाहुणे आणू नका असं मी स्पष्टच सांगते, अर्धी दुकानं बंद, आणि जेवण करून बाहेर पडेपर्यंत अंधार.

पावसाचं मात्र कुठल्याच महिन्यात सांगता येत नाही. हा इंग्लंडमधला सगळ्यात जास्त पावसाचा भाग. आपल्यासारखा धो धो कोसळून मोकळा होत नाही, बारीक बारीक पडत राहतो, मधेच उघडतं, परत येतो. त्यामुळे "पाऊस आहे, कॅन्सल करू" असं केलंत तर कधीच जाणं होणार नाही. दोन रात्री राहायचं म्हणते त्याचं एक कारण हेच, तीन दिवसांत एखादी तरी सकाळ हमखास लख्ख मिळते.

राहायची जागा

आधी राहायचं बुक करा, तिकिटं नंतर. गाव लहान आहे, मे ते ऑक्टोबरसाठी तीन-चार महिने आधी बघायला लागलात तरच बऱ्या जागा मिळतात. पर्याय तीन: गेस्टहाऊस नाहीतर बीअँडबी, म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता, स्वयंपाकघर असलेलं कॉटेज, आणि हॉस्टेल. कॉटेजं बरीचशी आठवड्यानेच देतात, शुक्रवार किंवा शनिवार ते तोच वार, पण सीझन नसेल तर तीन रात्रींचीही मिळतात. ग्रासमिअरला यूथ हॉस्टेल आहे, तिथे कुटुंबाला वेगळी खोली घेता येते आणि सगळ्यांसाठीचं किचन असतं, शाकाहारी मंडळींना हे फार सोयीचं पडतं.

बुक करताना दोन गोष्टी ईमेल करून विचाराच. एक, खोली कितव्या मजल्यावर आहे. ही जुनी घरं आहेत, जिने अरुंद आणि उभे, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते, आणि इथला फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला पहिला मजलाच, तळमजला हवा असेल तर ग्राउंड फ्लोअर म्हणून स्पष्ट मागा. दोन, चेक-इनच्या आधी बॅगा ठेवता येतील का. खोली दुपारी तीन-चारशिवाय मिळत नाही, आणि बॅगा ओढत गावात फिरण्यात अर्धा दिवस वाया जातो. बहुतेक जण आनंदाने ठेवून घेतात, फक्त आधी सांगितलेलं असावं.

पोचायचं कसं

लंडनहून येत असाल तर यूस्टन स्टेशनवरून ग्लासगोकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी जी ऑक्सनहोम स्टेशनला थांबते ती पकडायची, पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. ऑक्सनहोमला उतरून विंडरमिअर गावाची छोटी गाडी, वीसेक मिनिटं. मँचेस्टरहून विंडरमिअरला काही थेट गाड्याही आहेत. लांबच्या गाडीचं तिकीट दोन-तीन महिने आधी अ‍ॅडव्हान्स काढलंत तर आयत्या वेळेपेक्षा खूपच स्वस्त पडतं.

आईबाबांचं वय ६० च्या पुढे असेल तर सीनियर रेलकार्ड काढा. त्याला इथलं नागरिकत्व लागत नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, आणि तिकिटावर एक तृतीयांश सूट. लंडनहून जाऊन येऊन दोघांच्या कार्डांचे पैसे एकाच ट्रिपमध्ये बरेचसे वसूल होतात, वर वर्षभर वापरता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड बघा.

ही विंडरमिअरची लाइन १८४७ ची. ती येऊ नये म्हणून वर्डस्वर्थने १८४४ साली चांगलाच विरोध केला होता, त्याला भीती होती की माणसांच्या लोंढ्याने इथली शांतता जाईल. गाडीत बसल्यावर बाबांना हे सांगितलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, त्याचं चूक नव्हतं, पण मग आपल्याला कसं बघायला मिळालं असतं. बाबांनी साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता तर दरवर्षी. त्यांच्यासाठी ही ट्रिप काय होती ते मला तिथे गेल्यावरच कळलं.

विंडरमिअर स्टेशनातून बाहेर आलात की शेजारीच बूथ्स नावाचं सुपरमार्केट आहे. ब्रेड, दही, फळं, दूध इथूनच घ्या, ग्रासमिअरमध्ये को-ऑपचं छोटं दुकान आहे पण निवड कमी. मग स्टेशनसमोरच ५५५ नंबरची बस. ही केंडलहून विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिकला जाते. उन्हाळ्यात ५९९ पण असते, वरून उघडी, बोनेस ते ग्रासमिअर. वरच्या डेकवर डावीकडे बसा, विंडरमिअर, मग रायडल वॉटर, मग ग्रासमिअर, तिन्ही तळी डाव्या हातालाच येतात. अर्ध्या-पाऊण तासात गावात. पैसे कार्डाने चालतात, आणि इंग्लंडमध्ये २०२५ पासून बहुतेक बसना एका फेरीचं कमाल भाडं ३ पौंड आहे, निघायच्या आधी एकदा ताजं बघून घ्या. टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा, रविवारचं आणि हिवाळ्यातलं वेगळं असतं.

कार आणायचीच असेल तर भारतीय लायसन्सवर पाहुण्यांना इथे १२ महिने चालवता येतं. पण कार असली की माणूस थांबत नाही, पुढच्या ठिकाणाचं सुचत राहतं. शिवाय गावातली पार्किंगं दहा-साडेदहालाच भरतात.

पहिला दिवस: फक्त गाव

पोचल्या दिवशी डोंगर नको. बॅगा टाका आणि सेंट ऑसवल्ड चर्चला जा. मागच्या बाजूला, रोथे नदीच्या काठाशी, वर्डस्वर्थ कुटुंबाच्या साध्या पाटीच्या दगडाच्या कबरी आहेत. विल्यम १८५० च्या २३ एप्रिलला गेला, शेजारी बायको मेरी, बहीण डोरोथी, मुलगी डोरा. राजकवी होता हा माणूस, पण थडग्यावर ना पुतळा ना ओळी, नुसतं नाव आणि साल. आवारातली यू नावाची काही सदाहरित झाडं त्यानेच लावलेली. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले, चप्पल काढू का म्हणाले. म्हटलं इथे काढत नाहीत, तरी त्यांनी टोपी काढली.

चर्चच्या फाटकालाच लागून सेरा नेल्सनचं जिंजरब्रेडचं दुकान, १८५४ पासून तिथेच, आणि ती इमारत म्हणजे १६३० मध्ये बांधलेली गावची जुनी शाळा. जेमतेम तीन-चार माणसं मावतात, बाहेर रांग असते, वास आधी येतो. हा जिंजरब्रेड मऊ केकसारखा नसतो, बिस्किट आणि आलेपाकाच्या मधलं काहीतरी, भुसभुशीत आणि तिखट आल्याचा. आमच्या आईला इंग्लंडमधली आवडलेली पहिली गोड वस्तू हीच. घटकपदार्थ दुकानात विचारलेत तर सांगतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर दिवसभराची माणसं निघून जातात, कोच गाड्या जातात, आणि अर्ध्या तासात गाव अगदी वेगळं होतं. नदीचं पाणी ऐकू यायला लागतं, डोंगरावरून मेंढ्यांचे आवाज खाली येतात, कोणीतरी घरासमोरच्या कुंड्यांना पाणी घालत असतं आणि जाता जाता "लव्हली ईव्हनिंग" म्हणतं. त्यावेळी रेड बँक रोडने तळ्याकडे चालत जा, दहा-पंधरा मिनिटं. जूनमध्ये नऊ वाजता पण उजेड असतो आणि वारा पडला की तळ्यात अख्खा डोंगर उलटा दिसतो. यासाठीच राहायचं. दिवसभराची ट्रिप काढणाऱ्यांना गावाचा हाच तुकडा कधी मिळत नाही.

फक्त जेवून घ्या आधी. पबमधलं किचन साडेआठ-नऊला बंद होतं, नंतर नुसतं ड्रिंक मिळतं. वीकेंडला टेबल सकाळीच सांगून ठेवा.

दुसरा दिवस: शवमार्गाने रायडलला

दगडी वाट, थोडा चढ, अधूनमधून चिखल, पण साठी-पासष्टीच्या चालत्याफिरत्या माणसाला जमते. नाव कॉफिन रूट, म्हणजे शव नेण्याचा रस्ता. पूर्वी अँबलसाइड-रायडलकडे दफन करायची सोय नव्हती तेव्हा प्रेतं खांद्यावरून या वाटेने ग्रासमिअरच्या चर्चला आणत, आणि खांदेकरी थांबले की पेटी टेकवायला मोठे सपाट दगड ठेवलेले, त्यातला एक सुरुवातीलाच दिसतो. आपल्याकडे विसाव्याची जागा असते ना तसंच. बाबा त्या दगडाला हात लावून म्हणाले, म्हणजे विसावा सगळीकडेच लागतो.

सकाळी आधी डव्ह कॉटेज बघा, गावापासून दहा मिनिटांवर, मोठ्या रस्त्यापलीकडे. वेळ आधी ऑनलाइन बुक करा, रोज उघडं नसतं. वर्डस्वर्थ इथे १८०८ पर्यंत राहिला. घर लहान, अंधारं, खालची जमीन दगडी, आणि वरच्या एका खोलीत डोरोथीने थंडी अडवायला भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवली होती. मोठ्या कवितेमागे केवढ्याशा खोल्या होत्या ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. आणि एक गैरसमज काढून टाकते, कवितेतली ती डॅफोडिल्स इथल्या तळ्यावरची नाहीत, १८०२ च्या एप्रिलमध्ये दोघं भावंडं अल्सवॉटरच्या काठाने येत होती तिथे त्यांना दिसली, आणि डोरोथीने ते आपल्या रोजनिशीत आधीच लिहून ठेवलं होतं, कविता नंतर आली.

डव्ह कॉटेजच्या मागून चढणारा छोटा रस्ता धरा, पुढे पाट्या आहेत. एका बाजूला झाडी, खाली रायडल वॉटर चमकत असतं. रमतगमत सव्वा-दीड तासात रायडल माउंटच्या मागे उतरता. वर्डस्वर्थ १८१३ पासून मरेपर्यंत या घरात होता, आत जायचं असेल तर उघडं आहे का ते आधी बघा. त्याच्या खालीच चर्चला लागून डोराज फील्ड. मुलगी डोरा १८४७ मध्ये गेली, तेव्हा आईबापाने तिच्या आठवणीसाठी या उतारावर डॅफोडिल्स लावले, ते अजून दरवर्षी येतात. शाळेत आम्हाला फुलांचा आनंद शिकवला होता, त्यामागे असंही एक शेत आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. इथे तिकीट नाही, फाटक उघडायचं आणि आत जायचं.

रायडल हॉलच्या आवारात चहा मिळतो. चहा घेताना ठरवा, कारण इथून दोन रस्ते आहेत. दमला असाल तर चर्चजवळच्या स्टॉपवरून ५५५ धरा, काही मिनिटांत ग्रासमिअर. दम असेल तर रायडल वॉटरच्या पलीकडच्या काठाने चालत परत या. वाटेत रायडल केव्ह दिसते, ती नैसर्गिक गुहा नाही, पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे, छतावरून दगड पडतात म्हणून बाहेरूनच बघा. मग लफ्रिग टेरेस, डोंगराच्या कमरेवरून जाणारी जवळजवळ सपाट पायवाट, आणि समोर ग्रासमिअरचं तळं, बेट, गाव, मागे हेल्म क्रॅगचा डोंगर, सगळं एकदम. अख्खी फेरी नऊ-दहा किलोमीटर, थांबत थांबत पाच तास धरा. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर ही वाट नको, व्हाइट मॉसच्या कार पार्कपासून नदीकाठाने सपाट वाट आहे ती घ्या.

तिसरी सकाळ, तरुण पायांसाठी

ईझडेल टार्नला जाऊन या. गावातून निघून परत यायला तीन तास. वाटेत सावर मिल्क गिल हा धबधबा, पाणी फेसाळून ताकासारखं दिसतं म्हणून नाव आंबट दुधाचा ओढा. वर डोंगरांच्या कुशीत काळंशार छोटं तळं. नाहीतर हेल्म क्रॅग चढा, ४०५ मीटर, उंचीला कमी वाटतो पण चढ उभा आहे, पावसात नको. आईबाबा तोवर तळ्याकाठच्या चहाच्या बागेत बसू शकतात, तिथे वल्ह्याच्या होड्या पण भाड्याने मिळतात.

नकाशावर फेल म्हणजे डोंगर, बेक आणि गिल म्हणजे ओढा, टार्न म्हणजे डोंगरातलं छोटं तळं. हे शब्द हजारेक वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या नॉर्स लोकांचे. एवढे चार शब्द कळले की पाट्या वाचायला मजा येते.

कपडे आणि काळजी

सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना चिखल आणि शेवाळं नवं नाही, फरक थंडीचा आहे. तिकडे भिजलं तरी अंग गरम राहतं, इथे मे महिन्यातसुद्धा भिजून वाऱ्यात उभं राहिलात तर अर्ध्या तासात दात वाजतात. त्यामुळे टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट प्रत्येकाला हवंच, छत्री वाऱ्यात उलटते. खाचा असलेल्या तळव्याचे बूट, सुती जीन्स नको, मोज्यांचा एक जादा जोड. ओला पाटीचा दगड साबणासारखा घसरतो, म्हातारी माणसं बरोबर असतील तर चालायची काठी घ्याच.

डोंगरात फोनला रेंज जाते. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ७ हा कागदी नकाशा घ्या, किंवा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. काही झालं तर ९९९ लावायचा, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ते सगळे स्वयंसेवक असतात, स्वतःची कामं टाकून डोंगरावर येतात, म्हणून उशिरा दुपारी नवी वाट धरू नका. गवतातून चाललात तर रात्री पायांवर गोचीड नाही ना ते बघा.

मेंढ्यांच्या जवळ जाऊ नका, विशेषतः वसंतात पिल्लं असताना. हर्डविक जातीची पिल्लं जन्मतः काळी असतात, मोठी झाली की करडी होतात. या मेंढ्यांना कुंपण नसतानाही आपला डोंगर माहीत असतो, आई पिल्लाला शिकवते. फाटक जसं असेल तसंच ठेवून पुढे जायचं, बंद असेल तर परत बंद करायचं, दगडी भिंतीवर चढायचं नाही. त्या भिंती मातीसिमेंटशिवाय नुसत्या रचलेल्या असतात, एक दगड निघाला की रांग ढासळते.

खाण्याचं

शाकाहारी लोक उपाशी राहत नाहीत, पण तीच तीच चव येते. जॅकेट पोटॅटो, सूप, चीज अँड अनियन पाय, स्कोन. अंडं, आणि चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) चालत नसेल तर प्रत्येक ठिकाणी विचारा, न लाजता, इथे त्यांना सवय आहे. खोलीत किटली असते, त्यामुळे आमची आई पातळ पोहे, भाजलेले दाणे आणि मेतकूट घेऊन येते, संध्याकाळी पावसात खिडकीशी बसून दडपे पोहे होतात. भारतातून येताना पेढे, तूप, खवा आणू नका, दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चालताना खिशात केंडल मिंट केक ठेवा, नावात केक असला तरी ती साखर आणि पेपरमिंटची वडी आहे, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही नेली होती.

निघताना

विंडरमिअरच्या गाडीला एकच रूळ आहे, एक गाडी उशिरा आली की पुढचीही उशिरा, आणि ऑक्सनहोमची लांबची गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे लागते त्याच्या आधीची बस धरा. अ‍ॅडव्हान्स तिकीट त्याच गाडीचं असतं, जोडगाडी उशिरा आल्यामुळे चुकली तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगा, पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढलेलं असेल तर पुढच्या गाडीने सोडतात. जिंजरब्रेडचं पुडकं बॅगेत सगळ्यात वर ठेवा, खाली गेलं तर चुरा होतो, आणि ऑक्सनहोमच्या वाऱ्यात प्लॅटफॉर्मवर थांबावं लागतं तेव्हा थर्मासमधल्या चहाबरोबर ते लागतंच.